तळव्याची संवेदना गेली की चालणे नेमके कशाने बिघडते? मज्जारज्जू आणि त्वचेच्या संबंधाविषयी एक प्रश्न

रंकाळ्याकाठची

सर्वांना नमस्कार. माझ्या वडिलांना बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे आणि अलीकडे त्यांच्या दोन्ही तळव्यांची संवेदना हळूहळू कमी होत गेली आहे. आबांनी आयुष्यभर कोल्हापुरी चप्पलच घातली. आता मात्र चालता चालता एका पायातली चप्पल निसटून मागे राहते आणि चार पावले पुढे गेल्यावरही त्यांना ते कळत नाही; मागून येणारा कोणीतरी हाक मारून सांगतो. रंकाळ्याच्या सपाट वाटेवर ते इतके नीट चालतात की शेजारून चालणाऱ्याला काहीही वेगळे जाणवणार नाही. पण पंचगंगेच्या घाटाच्या पायऱ्या उतरताना किंवा गल्लीतल्या उखडलेल्या डांबरावरून जाताना ते अडखळतात, आणि संध्याकाळी दिवे गेले की भिंतीला हात लावल्याशिवाय एक पाऊलही पुढे टाकत नाहीत.

त्यांना तपासणाऱ्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी सांगितले की तळव्याच्या त्वचेकडून मज्जारज्जूला जी खबर जाते ती कमी झाल्यामुळे हे होत आहे. हे समजून घ्यावे म्हणून मी थोडे वाचन केले, तेव्हा मात्र गोंधळ वाढला. चालण्याची लय मज्जारज्जूतच तयार होते आणि पायाकडून येणाऱ्या सगळ्या संवेदना तोडल्या तरी प्राण्यांमध्ये ती लय टिकून राहते, असे एका ठिकाणी स्पष्ट लिहिलेले होते. तसे असेल तर चालण्यात त्वचेचे काम उरते तरी काय? आणि आबांचे चालणे सपाट वाटेवर शाबूत राहून पायऱ्यांवरच का बिघडावे? जाणकारांनी सविस्तर लिहिले तर फार उपकार होतील. अवघड भाग आला तरी चालेल, मी पुन्हा पुन्हा वाचेन.

निवृत्त शिक्षक, राजारामपुरी

ताई, मी अनेक वर्षे शरीरक्रियाशास्त्र शिकवले. आपल्याला पडलेला पेच त्या शास्त्राच्या इतिहासातही पडलेला होता, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

1910 साली चार्ल्स शेरिंग्टन यांनी मांजराच्या चारही पावलांच्या त्वचेच्या नसा कापून पाहिल्या आणि त्यामुळे चालण्यात फारसा बिघाड होत नाही असे नोंदवले. पुढच्याच वर्षी थॉमस ग्रॅहॅम ब्राउन आणखी पुढे गेले. मागच्या पायांकडून मज्जारज्जूत संवेदना आणणारी मुळे त्यांनी तोडली, छातीच्या खालच्या भागात मज्जारज्जूही छेदला, आणि तरीसुद्धा घोटा वर उचलणारे स्नायू व पाऊल खाली दाबणारे स्नायू आलटून पालटून आकुंचन पावत राहतात हे दाखवून दिले. वरून मेंदूचा हुकूम नाही, खालून पायाची खबर नाही, तरी लय आहे. यावरून त्यांनी असे मांडले की मज्जारज्जूत प्रत्येक पायासाठी पेशींचे दोन गट असावेत, एक पाय वाकवणारा आणि दुसरा ताठ करणारा, आणि एक गट कामात असताना त्याने दुसऱ्याला दाबून ठेवावे. ही कल्पना पुढे कित्येक वर्षे बाजूला पडून राहिली. 1960 च्या दशकात स्वीडनमध्ये लुंडबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिला पुन्हा उजाळा दिला, आणि आज ज्याला सेंट्रल पॅटर्न जनरेटर म्हणतात त्या लय निर्माण करणाऱ्या जाळ्याची समजूत तिच्यातूनच पुढे विकसित झाली.

आपण वाचलेले वाक्य या परंपरेतले आहे आणि ते खरेच आहे. मात्र ब्राउन यांच्या प्रयोगाने विचारलेला प्रश्न फार मर्यादित होता: संवेदनेवाचून लय उत्पन्न होऊ शकते का? हो, होऊ शकते, हे उत्तर मिळाले. परंतु लय असणे म्हणजे चालता येणे नव्हे. पुढचे पाऊल खड्ड्याच्या कडेवर पडणार की मधोमध, वाटेतल्या दगडाला चवडा अडकला तर काय करायचे, अंगाचा भार अजून पायावर असताना तो उचलायचा की थांबायचे, यांतले काहीही त्या लयीत आधीपासून लिहिलेले नसते. ते चालता चालताच ठरवावे लागते, आणि ठरवण्यासाठी जमिनीकडून खबर यावी लागते.

या बाबतीत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो 1975 साली फोर्सबर्ग, ग्रिलनर आणि रोसिन्यॉल यांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग. मज्जारज्जू छेदलेली मांजरे फिरत्या पट्ट्यावर मागच्या पायांनी चालत होती, म्हणजे त्या पायांचा मेंदूशी संबंध उरलेला नव्हता. मागचे पाऊल हवेतून पुढे येत असताना त्याच्या वरच्या पृष्ठभागाला हलका स्पर्श केला, तर गुडघा झटकन जास्त वाकत असे, पाऊल वर उचलले जाऊन अडथळ्यावरून पुढे नेले जात असे, आणि चालणे न थांबता सुरू राहत असे. आता तोच स्पर्श, त्याच जागी, पण पाऊल जमिनीवर टेकलेले असताना केला, की पाय वाकत नसे. उलट पाय ताठ धरणाऱ्या स्नायूंचेच आकुंचन वाढत असे.

याचा अर्थ जरा सावकाश ध्यानात घ्यावा. भार ज्या पायावर आहे तो पाय स्पर्श होताच वाकला, तर प्राणी खाली कोसळेल. आणि हवेत असलेला पाय स्पर्श होताच ताठ झाला, तर तो अडथळ्यात अधिकच रुतेल. म्हणजे एकाच स्पर्शाला पावलाच्या स्थितीनुसार परस्परविरुद्ध उत्तरे द्यावी लागतात, आणि ती निवड मेंदूची मदत न घेता मज्जारज्जू स्वतः करतो. आपण शाळेत शिकतो ती प्रतिक्षिप्त क्रिया ठरावीक असते, म्हणजे चटका बसला की हात मागे. चालण्यातली प्रतिक्षिप्त क्रिया तशी नसते. लय निर्माण करणारे जाळे प्रत्येक क्षणी ठरवत असते की आत्ता त्वचेकडून आलेल्या खबरीचा अर्थ काय लावायचा. आपल्या पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर हे आहे, की त्वचा लय निर्माण करत नाही, पण चालू असलेले पाऊल समोरच्या जमिनीला जुळवून घेण्याचे काम तिच्या खबरीवर चालते.

फिजिओथेरपिस्ट, शाहूपुरी

सरांनी मांडलेली बाजू माणसाच्या पायाला कितपत लागू पडते, हे मी लिहिते, कारण रुग्णांचे नातेवाईक नेमके तेच विचारतात.

आपल्या तळव्याच्या त्वचेत स्पर्श, दाब, ताण आणि कंप टिपणारी सूक्ष्म ग्राहके असतात. केनेडी आणि इंग्लिस यांनी 2002 साली माणसाच्या पायातील नसेत अतिशय बारीक सुई घालून अशा 104 ग्राहकांचे संदेश नोंदवले. ती ग्राहके तळव्याच्या एखाद्याच भागात दाटलेली नव्हती, तळवाभर पसरलेली होती. आणि तळव्यावर भार नसताना ती गप्प होती. ही दुसरी गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. पाऊल टेकले की ती बोलू लागतात, उचलले की थांबतात, त्यामुळे पाय आत्ता जमिनीवर आहे की नाही, आणि असेल तर टाचेवर आहे, चवड्यावर आहे की बाहेरच्या कडेवर, ही खबर मज्जारज्जूला आयतीच मिळत राहते.

माणूस चालत असताना या नसांना सौम्य विद्युतस्पंद देऊन स्नायूंचा प्रतिसाद मोजता येतो. यांग आणि स्टाईन यांनी 1990 मध्ये घोट्याजवळ टिबियल नस, म्हणजे तळव्याकडून येणारी नस, उद्दीपित केली. पाऊल हवेत जाण्याच्या सुरुवातीला तोच स्पंद नडगीच्या पुढच्या स्नायूला उत्तेजित करत होता आणि पाऊल टेकण्याच्या बेतात असताना त्याच स्नायूला दाबत होता. सरांनी सांगितलेली उलटापालट ती हीच, आणि येथे ती धडधाकट माणसात दिसते. पुढे 1997 मध्ये झेर, कोमियामा आणि स्टाईन यांनी पावलाच्या वरच्या त्वचेची नस अशाच रीतीने तपासली. पाऊल हवेत असताना ती नस उद्दीपित केली की नडगीच्या स्नायूचा जोर कमी होऊन चवडा थोडा खाली झुकतो आणि त्याच वेळी गुडघा अधिक वाकतो. अडथळ्याला चवडा लागल्यावर तो अडथळ्यावर रेटला जाऊ नये आणि पाय मात्र पुढे निघून जावा, अशीच ही रचना आहे.

हे प्रतिसाद त्वचेला खबर मिळाल्यापासून साधारण 80 मिलिसेकंदांच्या आसपास स्नायूत दिसतात. सावकाश चालणाऱ्या माणसाचे एका टाचेपासून पुन्हा त्याच टाचेपर्यंतचे चक्र एका सेकंदाच्या थोडे पुढेच जाते. म्हणजे पाऊल अजून हवेत आहे तोवरच दुरुस्ती सुरू होते, अडखळल्याचे भान येण्यापूर्वी.

एक सावधगिरी येथेच नोंदवून ठेवते. मांजराचे मागचे पाय मज्जारज्जू पूर्ण छेदल्यावरही सरावाने पट्ट्यावर चालू लागतात. ज्या माणसाचा मज्जारज्जू पूर्ण तुटला आहे त्याच्या बाबतीत तसे होत नाही. दोन पायांवर तोल सांभाळणाऱ्या आपल्या शरीरात मेंदूचा वाटा बराच मोठा आहे आणि त्वचेच्या काही प्रतिसादांतही तो मिसळलेला असतो. मज्जारज्जू सगळे एकटा करतो असे कोणी समजू नये. पण पहिली झटपट दुरुस्ती कुठून होते हे कळले की आबांसारख्या रुग्णांचे चालणे समजायला सोपे जाते.

तालमीतला

मी शास्त्राचा माणूस नाही. तालमीत मुलांना तयार करतो आणि तरुणपणी लाल मातीत बरीच वर्षे काढली आहेत. सर आणि ताई, आपण दोघेही त्वचेला फार मोठे स्थान देत आहात असे मला वाटते. डोळे मिटून उभ्या असलेल्या मल्लाला पाठीमागून जरा ढकलले तर तो सावरतो ते पोटरीच्या आणि मांडीच्या स्नायूंना ताण कळतो म्हणून, असा आमचा अनुभव आहे. तळव्याखालची माती मऊ असो वा घट्ट, सावरण्याचे काम स्नायूच करतात. मग तळवा बधिर झाला तरी स्नायूंची जाण शाबूत असताना एवढा फरक का पडावा? दुसरे असे की आमची मुले अनवाणीच वावरतात आणि तळव्यांना चांगले घट्टे पडतात. तळव्याची संवेदना जर इतकी महत्त्वाची, तर घट्टे पडलेला तळवा चालायला कमी पडायला हवा, आणि तसे मी तरी पाहिलेले नाही.

मज्जाशास्त्राचा विद्यार्थी

वस्ताद, आपला आक्षेप अगदी योग्य जागी आहे. स्नायूंकडून येणारी खबर खरोखरच फार वजनदार असते. डायझेन्स आणि पिअरसन यांनी 1980 मध्ये दाखवले की चालणाऱ्या मांजराच्या पोटरीच्या स्नायूंवर पुरेसा भार ठेवला तर पाय वाकवण्याची पुढची पाळीच येत नाही. भार कमी झाल्यावरच पाय उचलला जातो. हा भार मुख्यतः स्नायू आणि त्यांच्या कंडरा यांतली ग्राहके मोजतात. पण याच दोघांनी त्याआधी, 1976 मध्ये, पावलाच्या त्वचेची बाजूही तपासली होती. पाऊल टेकलेले असताना त्वचेच्या नसांना हलके स्पंद दिले तर टेकलेला टप्पा लांबतो आणि पाऊल उचलणे पुढे ढकलले जाते. म्हणजे भाराची खबर स्नायू देतात आणि त्वचाही देते, दोन्ही एकाच दिशेने बोलतात, आणि म्हणूनच एक गेली तरी सपाट वाटेवर दुसरी काम चालवून नेते.

घट्ट्यांबाबत तर आपल्या निरीक्षणाला थेट आधार आहे. होलोवका, लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2019 मध्ये केनियातल्या, नेहमी अनवाणी चालणाऱ्या लोकांच्या तळव्यांची तपासणी केली. त्यांचे घट्टे जाड होते, पण त्यामुळे तळव्याची कंप ओळखण्याची क्षमता कमी झालेली नव्हती. घट्टा कठीण असतो, त्यामुळे जमिनीचा धक्का खालच्या ग्राहकांपर्यंत पोचतोच. मधुमेहात मात्र नस स्वतःच झिजते. तालमीतला तळवा आणि आबांचा तळवा बाहेरून सारखे दिसले तरी आतली परिस्थिती अगदी वेगळी आहे.

आता ताईंचा दुसरा प्रश्न, की सपाट वाटेवर नीट आणि पायऱ्यांवर बिघाड असे का. सरांनी शेरिंग्टन यांचा 1910 चा प्रयोग सांगितला. त्याला पूरक ठरणारे काम 2003 साली मॉन्ट्रियलमध्ये बुये आणि रोसिन्यॉल यांनी प्रसिद्ध केले, आणि मला ते या सगळ्या चर्चेचे मर्म वाटते. त्यांनी मांजरांच्या मागच्या पावलांना त्वचेची संवेदना पुरवणाऱ्या नसा कापल्या. स्नायूंच्या नसा तशाच ठेवल्या. सपाट पट्ट्यावर ही मांजरे लवकरच जवळपास पूर्वीसारखी चालू लागली. त्यांनाच आडव्या शिडीवर, म्हणजे अंतरा-अंतरावर पट्ट्या असलेल्या वाटेवर, सोडले तेव्हा मात्र सुरुवातीला त्यांना चालता येईना. ते जमायला कित्येक आठवडे लागले, आणि जमले तेव्हाही पाऊल ठेवण्याची पद्धत बदललेली होती. शेरिंग्टन यांचे निरीक्षण चुकीचे नव्हते, सपाट जमीन इतकेच दाखवते. आबांची रंकाळ्याची वाट ही तो पट्टा आहे आणि घाटाच्या पायऱ्या ही ती शिडी.

त्याच संशोधनाचा दुसरा भाग अधिक बोलका आहे. याच मांजरांचा मज्जारज्जू नंतर छेदण्यात आला. त्वचा शाबूत असलेले मांजर अशा अवस्थेत सरावानंतर पाऊल तळव्यावर नीट टेकवायला शिकते. त्वचेची खबर पूर्ण बंद झालेली मांजरे पाय हलवत होती, लय होती, पण पाऊल तळव्यावर टेकवणे त्यांना पुन्हा जमलेच नाही. ती पाऊल फरफटवत राहिली. आणि ज्यांच्या पावलाची थोडीशीच त्वचा-संवेदना शिल्लक ठेवली होती त्यांना ते जमले. म्हणजे आधीची सुधारणा मेंदूने केलेली भरपाई होती, आणि ती भरपाई काढून घेतल्यावर मज्जारज्जूला त्वचेची किती गरज असते ते उघड झाले. उरलेल्या थोड्याशा संवेदनेचे मोल केवढे असते हेही त्यातून दिसते, आणि मला वाटते रुग्णांच्या दृष्टीने हीच गोष्ट अधिक महत्त्वाची आहे.

मज्जारज्जूत हे नेमके कोण करते, याची काही माहिती अलीकडे उंदरांवरच्या कामातून मिळाली आहे. कॅलिफोर्नियातल्या सॉल्क संस्थेत गोल्डिंग यांच्या गटाने 2015 मध्ये मज्जारज्जूच्या मागच्या शिंगातील, म्हणजे शरीराकडून आलेल्या संवेदना जिथे पोचतात त्या मागच्या भागातील, चेतापेशींचा एक गट ओळखला, ज्याच्या नावात आरओआर-अल्फा हे जनुक आहे. या पेशींना त्वचेकडून हलक्या स्पर्शाची खबर मिळते आणि मेंदूकडून येणारे संदेशही त्यांच्यापर्यंत पोचतात. त्या नष्ट केल्या की उंदीर सपाट जमिनीवर ठीक चालतात, पण अरुंद दांडीवर त्यांचे पाय घसरतात. येथेही तेच चित्र पुन्हा दिसते. 2017 मध्ये त्याच गटाने दुसऱ्या पेशींचे, आरओआर-बीटाचे, काम दाखवले. या पेशी पायाकडून येणारी खबर मज्जारज्जूच्या दारातच, योग्य वेळी, अडवतात. त्या काढून टाकल्या तर उंदीर पाऊल हवेत असताना पाय प्रमाणाबाहेर वाकवून, बदकासारखे चालू लागतात. म्हणजे खबर येणे जितके गरजेचे आहे तितकेच नको त्या क्षणी ती अडवणेही गरजेचे आहे. सरांनी ज्याला खबरीचा अर्थ लावणे म्हटले, त्यातला एक भाग या दारावरच घडतो.

रंकाळ्याकाठची

आपण सर्वांनी एवढे मनापासून लिहिले, मी खरोखर आभारी आहे. शिडीचा प्रयोग वाचला आणि आबांना पायऱ्यांवर होणारा त्रास प्रथमच नीट समजला. आमच्या घरात काहीजण म्हणत होते की ते मनाने घाबरतात. आता तसे कोणी म्हणणार नाही.

माझे तीन प्रश्न उरले आहेत. पहिला, अंधारात त्यांचे चालणे इतके का बिघडते? दुसरा, चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर अनवाणी जाण्याची त्यांची खूप वर्षांची प्रथा आहे, आणि वस्तादांनी अनवाणी वावरण्याविषयी लिहिलेले वाचून ते म्हणाले की अनवाणी चालल्याने तळवा जागा होईल. हे बरोबर आहे का? तिसरा, ही संवेदना परत येते का, आणि येत नसेल तर काय करता येते?

निवृत्त शिक्षक, राजारामपुरी

अंधाराबद्दल मी लिहितो. इंग्लंडमधील आयन वॉटरमन यांना 1971 साली, वयाच्या 19 व्या वर्षी, एका आजारानंतर मानेखालच्या स्पर्शाची आणि स्नायू-सांध्यांच्या स्थितीची जाण पूर्णपणे गमवावी लागली. स्नायूंची ताकद होती, वेदना आणि तापमान कळत होते, पण हातपाय कुठे आहेत ते बघितल्याशिवाय कळत नसे. सुरुवातीला त्यांना बसताही येईना. पुढे प्रदीर्घ परिश्रमानंतर ते चालू लागले ते डोळ्यांच्या आधाराने, प्रत्येक हालचालीवर मन एकाग्र करून. दिवे गेले की ते कोसळत. आबांची अवस्था त्यांच्याइतकी मुळीच नाही, पण डोळ्यांनी भरपाई करण्याची तऱ्हा तीच आहे. दिवसा ते पायरीकडे बघून पाऊल टाकतात. अंधारात ती वाट बंद होते, म्हणून हात भिंतीकडे जातो. भिंतीला बोटांनी केलेला हलका स्पर्शसुद्धा तोल सावरायला मदत करतो, तेव्हा त्यांचे ते वागणे शहाणपणाचे आहे. त्यांना त्याबद्दल टोकू नये. घरात न्हाणीघराच्या वाटेवर रात्रभर एक छोटा दिवा लावून ठेवावा आणि दिवे जातात त्या वेळेसाठी बॅटरीचा दिवा त्यांच्या उशाशी असावा.

वॉटरमन यांच्या उदाहरणातून मला आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. त्यांचा मज्जारज्जू शाबूत होता, म्हणजे लय निर्माण करणारे जाळे जागेवर होते. तरीही संवेदना गेल्यावर चालणे आपोआप होत नव्हते. माणसाच्या बाबतीत ग्रॅहॅम ब्राउन यांचा निष्कर्ष किती बेताने वापरावा लागतो, हे त्यावरून कळते.

तालमीतला

माझ्या लिहिण्याचा आबांनी तसा अर्थ घेऊ नये म्हणून घाईने लिहितो आहे. मी धडधाकट पोरांच्या पायांबद्दल बोललो होतो. तालमीची माती चाळलेली असते, तिच्यात खडा किंवा काच राहू नये म्हणून आम्ही रोज डोळ्यांत तेल घालून बघतो. डोंगराच्या वाटेवर आणि तापलेल्या फरशीवर असे कोणी बघत नाही. आबांना माझा नमस्कार सांगा आणि जोतिबाला पायात पादत्राण ठेवूनच जायला सांगा. देवळाच्या दाराशी ते काढून जाड मोजे घालता येतील.

फिजिओथेरपिस्ट, शाहूपुरी

वस्तादांनी माझे अर्धे काम केले. ज्या तळव्याला खडा रुतल्याचे कळत नाही त्याला अनवाणी चालवून जागे करता येत नाही. तसे चालल्याने फक्त जखम होते, आणि ती जखमही कळत नाही. मोजे घातले तरी तापलेल्या फरशीवर फार वेळ उभे राहू नये, कारण चटका बसल्याचेही त्यांना कळणार नाही. मधुमेहात सर्वांत लांबच्या नसा आधी झिजतात, म्हणून बधिरपणा बोटांपासून सुरू होऊन मोजा चढावा तसा वर सरकत जातो. झिजलेली नस पूर्ववत होणे कठीण असते. साखर आटोक्यात ठेवली तर झीज मंदावते. आबा मेटफॉर्मिनची गोळी बराच काळ घेत असतील तर बी-12 जीवनसत्त्वाची तपासणी डॉक्टरांना विचारून जरूर करून घ्यावी, कारण त्या गोळीने हे जीवनसत्त्व कमी होऊ शकते, आणि त्या कमतरतेमुळेही नसा बिघडतात. हा भाग मात्र वेळेवर सापडला तर सुधारता येतो.

चपलेबद्दल थोडे खुलासेवार लिहिते. कोल्हापुरी चप्पल पायात राहते ती अंगठ्याच्या वेढ्यामुळे आणि वरच्या पट्ट्यामुळे. टाचेला मागून काहीही धरत नाही. चप्पल सैल झाली की निरोगी माणूस नकळत बोटे आवळतो, आणि हे आवळणे त्वचेला चप्पल सरकल्याचे कळते म्हणूनच घडते. आबांना सरकणे कळत नाही, म्हणून बोटे आवळली जात नाहीत आणि चप्पल मागे राहते. शिवाय नव्या चपलेचे चामडे कडक असते, ते तेल पाजून मऊ होईपर्यंत चावते, आणि ते चावणेही त्यांना कळणार नाही. म्हणून टाचेमागे पट्टा असलेले, आतून मऊ आणि पुढून बंद पादत्राण घ्यावे, घालण्यापूर्वी आत हात फिरवून खडा तर नाही ना ते बघावे, आणि रोज रात्री तळवे घरातल्या कोणीतरी उजेडात तपासावेत. त्यांचे मन मोडते आहे हे मला कळते; आयुष्यभराची चप्पल सोडायला सांगणे सोपे नसते.

सरावाने काय होते ते विचारलेत. नस परत येत नसली तरी उरलेल्या संवेदनेचा आणि डोळ्यांचा उपयोग करून घ्यायला शिकता येते. मांजरांनाही शिडीवर चालणे अखेर जमले होते, पण ते शिडीवरच सराव करून. नुसते सपाट वाटेवर फेऱ्या मारून पायऱ्यांचे चालणे सुधारत नाही. म्हणून कठड्याला हात धरून, कोणीतरी शेजारी उभे राहून, दिवसाच्या उजेडात एक-एक पायरी चढण्या-उतरण्याचा सराव आम्ही करून घेतो. जमिनीवर ठेवलेल्या उंच-सखल ठोकळ्यांवर पाऊल ठेवण्याचाही करून घेतो. तळव्याखाली जाणवणार नाही इतका सूक्ष्म कंप देणारे सोलही तपासले गेले आहेत. प्रिप्लाटा आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये दाखवले की अशा सोलांवर उभ्या असलेल्या वृद्धांचे डोलणे कमी होते. ते निरीक्षण उभे राहण्याबद्दलचे आहे, म्हणून त्यासाठी आज खर्च करावा असे मी सुचवणार नाही.

एक तपासणी मात्र पुढच्या भेटीत आठवणीने करून घ्या. 10 ग्रॅम दाबाचा मोनोफिलामेंट, म्हणजे दाब दिल्यावर वाकणारा नायलॉनचा तंतू, बहुतेक ठिकाणी फक्त तळव्यालाच लावून बघतात. 128 हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्कही अंगठ्याच्या हाडावर ठेवून बघतात. आबा अडखळतात म्हणून पावलाच्या वरच्या त्वचेचा स्पर्शही तपासायला सांगा, दोन्ही पायांचा वेगवेगळा. अडथळ्याला पाऊल लागल्यावर ते उचलून पुढे नेणारी खबर त्याच त्वचेकडून जाते. ती शाबूत असेल तर पायऱ्यांचा सराव जरा मोकळेपणाने करता येईल. ती गेलेली असेल तर चढताना पाऊल पायरीच्या कडेला अडकण्याचा धोका धरून, पाय मुद्दाम वर उचलण्याची सवय आधी लावावी लागेल आणि घाटावर जाताना कोणीतरी सोबत असावेच लागेल.

रंकाळ्याकाठची

ताई, पावलाच्या वरच्या बाजूची तपासणी आजवर कोणी केलेली नव्हती. गुरुवारची वेळ घेतली आहे, आणि बी-12 ची तपासणी करावी का हे आमच्या डॉक्टरांना त्याच दिवशी विचारते. दोन्ही पायांचे निष्कर्ष हाती आले की येथेच लिहीन, म्हणजे सराव कुठून सुरू करायचा ते आपल्याला विचारता येईल.